मापाचा कॉम्प्युटर

४ फेब्रुवारी

ह्यांना बोलायचा सराव द्यायला येणाऱ्या स्पीचवाल्या बाई आज मला बाहेर जिन्यात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार बोलता." इतकी वर्षं हे सगळ्यांनी मनात ठेवलं होतं. तोंडावर सांगणाऱ्या ह्या पहिल्याच.

त्यांचं म्हणणं असं, की त्या ह्यांना काही विचारतात आणि उत्तर मी देते. चहा हवा का, हो. साखर किती, एक चमचा. बरं वाटतंय का, कालच्यापेक्षा बरं. झटका आल्यापासून ह्यांची जीभ जड झाली आहे, पण ती गेलेली नाही. शब्द घोळतात, तरी येतात. ह्यांना लाज वाटते म्हणून हे तोंड उघडत नाहीत, आणि मी त्यांना ते उघडायची गरजच पडू देत नाही. असंच चाललं तर जे येतंय तेही जाईल. मी विचारलं, जाईल म्हणजे? त्या म्हणाल्या, जाईल म्हणजे जाईल.

मग म्हणाल्या, राहवतच नसेल तर वहीत बोला. म्हणून ही वही. हे सगळं बोलणं चालू असताना मी त्यांना तीनदा मध्येच तोडलं, हेही लिहून ठेवते.

७ फेब्रुवारी

आज दिवसभर गप्प बसायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं. मी गप्प, हे गप्प, फक्त शिलाई मशीन बोलत होतं.

हे खिडकीत बसतात. खाली बसस्टॉप आहे. अठ्ठावीस वर्षं शहरात बस चालवली, आता दुसऱ्यांच्या बस बघतात. एखाद्या ड्रायव्हरनं गाडी स्टॉपच्या पुढे नेली की जिभेनं 'च्यक' करतात. तेवढा एकच आवाज अजून पूर्वीसारखा येतो. डिसेंबरात एकटेच खाली पाव आणायला गेले होते. दुकानातल्या मुलीनं 'काय, काय' असं तीनदा विचारलं, चौथ्यांदा पाठीमागच्या माणसाकडे बघून हसली. हे पाव न घेताच परत आले. त्या दिवसापासून 'हं' आणि 'नको' एवढ्यावरच आमचा संसार चालू आहे.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, बँकेत. म्हणाली, आई, बस चालवायचा गेम असतो, बाबांना दे. मी म्हटलं, बाबा काय लहान आहेत? तिनं लहान मुलाला समजवावं अशा सुरात सांगितलं की तो खेळ मोठी माणसंच खेळतात, त्यात खरेखुरे रस्ते असतात, सिग्नल असतात, प्रवासी असतात, उशीर झाला तर ते कुरकुरतातही.

तिचा जुना लॅपटॉप काढला. फोनवर ती सांगत गेली आणि मी दाबत गेले. गाडी स्टॉपवरून निघाली आणि थांबली. मग चार हात पुढे जाऊन परत थांबली. प्रवासी दारात अर्धे चढलेले, तसेच लटकलेले. लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला आणि पडदा काळा झाला. लेक म्हणाली, ह्याच्यात ग्राफिक्स कार्ड नाही, असले खेळ ह्याला झेपणार नाहीत.

मी लॅपटॉप मिटणार होते. पण ती गाडी पहिल्यांदा हलली ना, तेव्हा ह्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवरून गोल फिरला होता, वळण घ्यावं तसा. ते ह्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. आता हा कॉम्प्युटर घरात आल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही. तशीही मला गप्प बसता येत नाहीच.

१३ फेब्रुवारी

बाजारात मागच्या गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान आहे. मालकीण चाळिशीची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एका वेळी तिघांशी बोलते. मला वाटलं हिच्याशी आपलं जमेल. ती मला काकू म्हणते.

तिनं आधी एक तयार डबा दाखवला. आत लाल-निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. म्हणाली, काकू, हा रेडीमेड घेऊन जा, गेमिंगसाठीच आहे. आता आमच्या घरात रेडीमेड ही शिवी आहे. तीस वर्षं मी लोकांचे रेडीमेड कपडे उसवून पुन्हा शिवतेय. आत काय असतं ते मला विचारा. अस्तर आखूड, दाब कमी, बटणं एका धुण्यात हातात. मी सांगितलं, मला मापाचा करून दे. तिनं विचारलं, कशाच्या मापाचा? मी म्हटलं, आमच्या ऐपतीच्या. ऐपत म्हणजे कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले पैसे. तेवढेच आहेत, हेही सांगून टाकलं. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बसा.

शेजारणीला मी सांगितलंय की घरी टायपिंगसाठी कॉम्प्युटर येतोय. तिनं विचारलं, कोण टाइप करणार? मी पायरीवरून पडायचीच तेवढी बाकी राहिले.

१९ फेब्रुवारी

इतक्या दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं शाळेत शिकले असते तर आज दुसऱ्यांच्या पँटी आखूड करत बसले नसते.

प्रोसेसर म्हणजे डोकं. ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, म्हणून खेळाचा सगळा भार त्याच्यावर. रॅम म्हणजे काम मांडायची जागा, जितकी मोठी तितका कमी पसारा. मदरबोर्ड नावाची एक पाटी असते. सगळ्यांना धरून ठेवते, सगळे तिच्यातूनच एकमेकांशी बोलतात, आणि वर्णन करताना तिचं कुणी नाव घेत नाही. तिला 'मदर' हे नाव देणारा घरचाच माणूस असणार.

मी आधी म्हटलं, कार्डच सगळं करत असेल तर सगळे पैसे त्यावर घाल, बाकी काहीही चालेल. दुकानवाली म्हणाली, मग डोकं मागे पडेल आणि कार्ड नुसतं बसून राहील. म्हणजे मखमल घ्यायची आणि शिवायला सुतळी. हे मला लगेच कळलं. मग डोकं थोडं वाढवलं, कार्ड थोडं उतरवलं. दिवे काढून टाकले. पेटीच्या आत दिवे म्हणजे अस्तरावर भरतकाम.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. वहीत बोलायचं होतं हे विसरलेच. हे 'हं' म्हणाले.

२५ फेब्रुवारी

एक गेमिंग कॅफे बंद पडला, तिथलं वापरलेलं कार्ड दुकानवालीकडे आलंय. नव्यापेक्षा बरंच स्वस्त आणि वरच्या दर्जाचं. वापरलेल्या वस्तूची मला भीती नाही. शिवण बघितली की कापडानं काय सोसलंय ते कळतं. पण कार्डावर शिवण नव्हती, म्हणून मी ते नुसतंच उलटसुलट करून बघितलं आणि फार समजल्यासारखी मान हलवली. दुकानवालीनं ते तासभर चालवून दाखवलं.

आणि मग आजचा माझा पराक्रम. गळ्यातली टेप काढायची विसरून मी तशीच बाजारात गेले होते, ह्याची लाज वाटायला हवी. पण त्याच टेपनं मी कार्ड मोजलं आणि निवडलेली पेटीही आतून मोजली. कार्ड पेटीपेक्षा बोटभर जास्त लांब. दुकानवाली म्हणत होती बसेल. बसवून बघितलं तर नाही बसलं. शेवटी त्याच किमतीतली रुंद पेटी घेतली. दुकानातले दोघं-तिघं माझ्याकडे बघायला लागले. मी काय त्या ऐटीत घरी आले म्हणता. ह्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनी 'हं' सुद्धा केलं नाही.

३ मार्च

पॉवर सप्लायवर, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे वाचवायला निघाले होते. दुकानवालीनं हात धरला. म्हणाली, इथे वाचवलं तर एक दिवस सगळंच जळेल. बरं म्हटलं. मॉनिटर लेकीच्या मैत्रिणीचा जुना मिळाला. कीबोर्ड दुकानवालीनं फुकटच दिला. हिशेब शेवटच्या स्क्रूपर्यंत जमला. कापडाची चिंधीही वाया गेली नाही म्हणतात तसा. मी स्वतःवर इतकी खूश आहे की लिहिताना अक्षरसुद्धा चांगलं येतंय.

९ मार्च

काय लिहू. हसू की रडू कळत नाही. दोन्ही करून झालं.

दुकानवाली स्वतः येऊन सगळं जोडून गेली. पडदा उजळला, रस्ता आला, बस आली. गाडी अशी निघाली की पोटातलं पाणी हललं नाही. प्रवासी नीट चढले, कुणी लटकलं नाही. हे खुर्ची पुढे सरकवून बसले. मी दाराशी हात बांधून उभी, चेहऱ्यावर सगळं माझंच कर्तृत्व. म्हटलं, आता स्टिअरिंग लाव.

ती म्हणाली, कुठलं स्टिअरिंग?

मी म्हटलं, गाडीबरोबर येतं ना, ते.

ते येत नाही. ते वेगळं घ्यायचं असतं, पेडल वेगळी, आणि किंमत जवळजवळ कार्डाएवढी. तिला वाटलं माझ्याकडे आहे. मला वाटलं, शर्टाला बटणं असतातच तसं ते असेलच. कार्ड टेपनं मोजणारी शहाणी मी, कोट शिवून बसले आणि बाह्यांना कापडच ठेवलं नाही. आता पैशांच्या डब्यात काही म्हणजे काही शिल्लक नाही.

ह्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून खिडकीत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. ओव्हरलॉक मशीनसाठी नाही. त्यांचा हात टेबलावरून फिरला होता ना, त्याच्यासाठी.

१० मार्च

दुकानवालीचा सकाळी फोन आला. तिलाही वाईट वाटलं होतं. म्हणाली, कीबोर्डवरही चालवता येतं. दोन बटणं डावी-उजवीकडे वळायला, एक पुढे जायला, एक ब्रेक.

ह्यांचा उजवा हात बटणं दाबण्याइतका चालत नाही. डाव्या हातानं वळता येतं, पण पुढची दोन बटणं कुणी दाबायची? घरात तिसरं कोण आहे? म्हणून मी. ज्या बाईनं आयुष्यात सायकल चालवली नाही ती आता बसची पेडल झाली.

आधी हे बोटानं खुणा करत होते. बोट वर म्हणजे ब्रेक. पण मी खाली बघितल्याशिवाय मला बटण सापडत नाही, आणि खाली बघितलं की बोट दिसत नाही. पहिल्यांदा गाडी स्टॉपच्या छपरात घुसली. दुसऱ्यांदा एका कारंज्यात. मी म्हटलं, "बोट कसलं दाखवता, मी बटणं बघू का तुमचं बोट बघू?" तिसऱ्यांदा हे "बेक" म्हणाले. मी घाबरून पुढे जायचंच बटण दाबलं. "बेक, बेक." गाडी केशकर्तनालयाच्या काचेतून आत.

ह्यांच्या अख्ख्या नोकरीत एकही अपघात नव्हता. मी एका सकाळीत सगळं धुवून टाकलं. फार अपराध्यासारखं झालंय.

१३ मार्च

आज गाडी तीन स्टॉप नीट गेली. चौथ्याला मी उशीर केला. ओरडले. म्हणजे हे माझ्यावर चांगलेच ओरडले. मी जेवताना एक शब्द बोलले नाही. ह्यांनीच दोनदा मीठ मागितलं तेव्हा दिलं.

१७ मार्च

अन्याय होतोय आणि तो लिहून ठेवायला हवा. आज मला काय काय ऐकावं लागलं ते असं: "हळू." "आत्ता नको." "आधी सोड, मग दाब." "पाय काढ." पाय काढ म्हणे. पाय कुठाय तिथे, माझं करंगळीशेजारचं बोट आहे. "म्हातारी उभी आहे, धक्का नको." ती म्हातारी खेळातली. तिची केवढी काळजी, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीची कुणाला पडलेली नाही.

आणि एकदा "बावळट" म्हणाले. बाकीचे शब्द घोळतात, अर्धे पोटातच राहतात, मला पुन्हा विचारावं लागतं. हा एकच कसा स्वच्छ आला, इस्त्री केल्यासारखा.

मी ठरवलंय, हे काही माझ्याच्यानं होणार नाही. ह्यांना स्टिअरिंग आणि पेडल आणून द्यायची. उजवा पाय ह्यांचा चांगला आहे, घरी येऊन ह्यांचा व्यायाम घेणारे तसंच म्हणाले होते. मग चालवा म्हणावं एकटे. एका हॉटेलातले सगळे पडदे शिवायचं काम घेतलंय. पाठ मोडेल, पण बोलणी तरी वाचतील.

२० मार्च

आज स्पीचवाल्या बाई आल्या होत्या. चित्रांची कार्डं घेऊन. सफरचंद दाखवलं, हे गप्प. मांजर दाखवलं, गप्प. बसचं कार्ड काढलं तर ह्यांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाले, "हे मॉडेल जुनं आहे. दार मागे दाखवलंय. आता पुढे असतं." वर "चित्र काढणारा बसमध्ये बसला नसेल" असंही पुटपुटले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई एवढ्या लांबून येतात आणि हे त्यांच्या कार्डात चुका काढतात. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, हल्ली घरी काय करता? मी म्हटलं, काही नाही हो, हे दिवसभर खेळ खेळतात आणि मला रागावतात. जाताना जिन्यात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. डोळे भरलेले होते. त्यांच्या घरी काहीतरी अडचण असावी, बिचाऱ्या सांगत नाहीत.

२९ मार्च

पडदे. नुसते पडदे. लिहायला सवड नाही. बसवर जाते ती अर्धा-पाऊण तास, रोजची बोलणी खायला. काल संध्याकाळी लेकीचा फोन आला तर ह्यांनीच घेतला आणि आतल्या खोलीत नेऊन माझी तक्रार केली. मी दाराला कान लावला होता. "तुझी आई पिवळा दिवा बघून जोरात नेते" एवढं ऐकलं. खोटं आहे. एकदाच नेली.

२ एप्रिल

स्टिअरिंग आलं. पेडलंही. दुकानवालीनं तिचा नफा सोडला असं ती म्हणते. बसवून गेली. चाक काळंभोर, हातात भरणारं. हे एका हातानंही छान फिरवतात. पाय पेडलवर ठेवला आणि गाडी अशी थांबवली की स्टॉपची रेघ आणि दार एका ओळीत. मी टाळ्या वाजवल्या. जीव भांड्यात पडला माझा. आता मी मोकळी.

३ एप्रिल

घरात काय शांतता आहे. चार पँटी झाल्या, दोन झिपा बदलल्या. मध्ये एकदा डोकावले तर गाडी पुलावरून चालली होती. हे मान ताठ करून बसले होते, पूर्वी बसायचे तसे. विचारलं, छान चाललीय ना? मान हलवली.

६ एप्रिल

शांतता आहे. काम भराभर होतं. तरी उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. गॅस बंद केला का ते दोनदा बघून आले.

लेकीचा फोन होता. बाबांना दे म्हणाली. हे खेळत होते, हातानंच 'नंतर' अशी खूण केली. ती म्हणाली, मागच्या आठवड्यात तर मला वीस मिनिटं सोडत नव्हते, तुझ्या ब्रेकवर किती बोलत होते, आज काय झालं?

फोन ठेवून मी मशीनवर बसले. सुई खाली घेतली आणि तशीच राहिले. शेवटचं हे कधी बोलले? मीठ मागितलं ते कधी? परवा? की चाक आल्यापासून काहीच नाही? चहाला मान हलवली, जेवायला मान हलवली, झोपताना 'हं'. बाईंनी जिन्यात माझा हात का धरला होता ते आज कळलं. मला वाटलं त्यांच्या घरी अडचण आहे.

तीन आठवडे हा माणूस बोलत होता, वाक्यंच्या वाक्यं, आणि मी त्याला बोलणी म्हणत होते. ती बोलणी बंद व्हावीत म्हणून हॉटेलभर पडदे शिवले आणि माझ्याच हातांनी त्यांचं तोंड पुन्हा शिवून टाकलं. आता ते चाक काढून घेऊ तरी कसं? किती आनंदानं फिरवतात.

८ एप्रिल

दुपारी मी कॉलर लावत होते. आतून हाक आली. "अगं."

मी धावत गेले. हे चाक सोडून बसले होते. म्हणाले, "पाय चालत नाही. दुखतो. ब्रेक नीट लागत नाही. तू बस इथे." शब्द जड होते, एक दोनदा अडला, पण सगळं एका दमात म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हटलं, पुन्हा झटका. बाहेर जाऊन व्यायाम घेणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, पायाला काय झालंय? कालच माझ्याबरोबर दोन जिने चढले, मी दमलो, ते नाही. तरी मी चारदा विचारलं. त्यांनी चारदा तेच सांगितलं.

परत आले तेव्हा ह्यांनी चाक बाजूला सरकवून कीबोर्ड मधोमध आणून ठेवला होता. माझी खुर्चीही ओढून ठेवली होती, एका हातानं. मी बसले. गाडी निघाली. पहिल्या स्टॉपला मी बटण दाबलं आणि सहज खाली बघितलं. टेबलाखाली ह्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. अगदी वेळेवर, अगदी हळू, मी दाबायच्या आधी. दुसऱ्या स्टॉपलाही. चांगला भक्कम पाय, कसलं दुखणं नि कसलं काय. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस साहेबांशी कधी खोटं बोलला नाही.

माझंही एक खोटं होतंच. मला आता खाली न बघता ब्रेक सापडतो. कधीपासूनच सापडतो. तिसरा स्टॉप आला, ह्यांचा पाय दाबला गेला, माझं बोट बटणावर तयार होतं. मी तसंच ठेवलं आणि गाडी स्टॉपच्या पुढे जाऊ दिली, पार कचराकुंडीपर्यंत.

हे माझ्याकडे वळले. "किती वेळा," म्हणाले, मग श्वास घेतला, "किती वेळा सांगायचं गं तुला?"

"सांगा की अजून," मी म्हटलं.